शूटसाठी स्टुडिओ भाड्याने घेताय? डिपॉझिट देण्याआधी हे वाचा (रत्नागिरी)

ओळखीतल्या एका काकूंचा घरगुती व्यवसाय आहे, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी असं सगळं. त्यांना सीझनच्या आधी नवीन फोटो आणि थोड्या रील्स हव्या होत्या. मुंबई-पुण्यासारखे ढीगभर स्टुडिओ आपल्याकडे कुठे, त्यामुळे रत्नागिरीजवळ पांढरी इन्फिनिटी वॉल (भिंत गोलाईने फरशीत उतरते, फोटोत मधला कोपरा दिसत नाही) असलेली जागा ८०० रुपये तासाने मिळतेय म्हटल्यावर आम्ही लगेच बुक केली. किमान चार तास, २,००० ॲडव्हान्स, १०,००० डिपॉझिट. "डिपॉझिट काय हो, नावापुरतं, जाताना लगेच परत," मालक फोनवर अगदी गोड.

फोनवर थ्री फेज कनेक्शन सांगितलेलं, निघालं सिंगल फेज. एसी आणि आमचे लाईट एकत्र लावले की एमसीबी खाली. एसी बंद ठेवला तर त्या पत्र्याखाली आंबापोळी घामेजून बटर पेपरला चिकटायला लागली, काकू बिचाऱ्या सुरीने सोडवत बसल्या. मग तिथला पोरगा म्हणाला जनरेटर लावतो, आम्ही म्हटलं लाव बाबा. त्याचे वेगळे पैसे आहेत हे तेव्हा कोणी बोललं नाही.

निघताना बिल हातात. तास सात लावलेले, कारण म्हणे वेळ गेटमधून आत आल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत धरतात, म्हणजे सामान उतरवणं, लाईट गेलेली असताना अंधारात बसणं, सगळं आमच्याच खात्यात. जनरेटर १,८००. आणि वॉल परत रंगवायचे ३,५००, का तर खाली बुटाचा डाग पडलाय! आमच्या असिस्टंटने सेटअप चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ काढलेला, त्यात तोच डाग तिथेच दिसतोय आणि वरून पातळ रंगाचा हात मारलेला. म्हणजे हा डाग आमच्या आधी किती जणांकडून वसूल झाला असेल देव जाणे. दाखवल्यावर मालक म्हणतो, "तो वेगळा डाग."

वर १८ टक्के जीएसटी. एकूण १२,८६२. डिपॉझिट आणि ॲडव्हान्स मिळून १२,००० त्याच्याकडे आधीच होते, तरी वरच्या ८६२ साठी गेटला कुलूप आणि आमची गाडी आत. काकूंना रात्र व्हायच्या आत घरी सोडायचं होतं, दिले.

घरी येऊन बिल नीट बघितलं तर जीएसटी नंबर १४ अक्षरांचा! खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. रजिस्ट्रेशन नसेल तर जीएसटी घेताच येत नाही. हे मेसेजमध्ये लिहून पाठवल्यावर तासाभरात १,९६२ परत आले, सोबत "टायपिंग मिस्टेक". बाकीचं विचारल्यावर ब्लॉक.

तेव्हा कुठेही बुक करताना वेळ कधीपासून धरणार, कनेक्शन किती किलोवॅटचं आणि जनरेटर कोणाच्या खर्चाने, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आत शिरल्या शिरल्या मालकाच्या माणसाला शेजारी उभं करून भिंत आणि फरशीचा व्हिडिओ काढा, सामान नंतर उतरवा. नाव इथे लिहीत नाही. तिकडे बुकिंग करायचा विचार असेल तर मेसेज करा, बिल आणि डागाचा व्हिडिओ दोन्ही पाठवतो.