नव्या स्पोर्ट्स कारचा रंग आणि आतलं फिनिशिंग: सोलापूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, मेटॅलिक लाल. कंपनीचं नाव देत नाही, कारण खालचं बरंचसं या किमतीच्या कुठल्याही नव्या गाडीत सापडेल. इंजिन आणि सस्पेन्शनवर लिहिणारे पुष्कळ आहेत, इथे फक्त रंग आणि आतलं काम. निकाल आधीच सांगतो. रंग कारखान्यातून चांगला आला होता, तो बिघडवायचं काम कारखान्याबाहेर झालं. आतल्या कामाचं उलट आहे. तिथली काटकसर कारखान्यातलीच.

रंगाची जाडी मोजायचं मीटर हाताशी असल्याशिवाय या वर्गातली गाडी ताब्यात घेऊ नये. मीटर लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही ओळखणारं हवं. नुसत्या चुंबकी मीटरवर अॅल्युमिनियमच्या बॉनेटचं रीडिंग येणारच नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर दोन्ही प्रकार मुके. या गाडीचं बॉनेट, छत आणि दारं १०५ ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवतात. कारखान्याच्या रंगाला हे योग्यच आहे: तळाला गंज रोखणारा ई-कोट २० च्या आसपास, त्यावर प्रायमर साधारण ३०, मग रंगाचा बेस कोट १५-२० आणि सगळ्यात वर क्लिअर कोट ४० ते ५०. चमक, ऊन सोसायची ताकद, सगळं या शेवटच्या थरात. पुढचं सगळं वाचताना हा ४०-५० चा आकडा डोक्यात ठेवा.

उजव्या मागच्या मडगार्डवर मात्र १९० ते २१० येतं. म्हणजे तो भाग डिलिव्हरीआधी कुठेतरी घासला आणि पुन्हा रंगवला. खुणा स्पष्ट आहेत: पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या कडेला मास्किंग टेपची रेघ, दाराच्या रबरावर फवाऱ्याचे बारीक कण. (३०० च्या पुढे आकडा गेला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असण्याची शक्यता मोठी.) काम वाईट नाही, पण ते कारखान्याचं नाही. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक असल्यामुळे वर्कशॉपच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि रंग हार्डनरच्या भरवशावर वाळतो. तो पहिले काही आठवडे मऊ राहतो आणि आत अडकलेलं थिनर उडून गेल्यावर चमक थोडी उतरते. सकाळच्या तिरप्या उन्हात दार आणि मडगार्डमधला फरक आता दिसतो, शोरूमच्या पांढऱ्या दिव्यांखाली तो दिसला नसता. म्हणून मीटर, टॉर्च आणि ऊन, तिन्ही तपासण्या पासिंगच्या आधी करा. एमएच १३ ची पाटी लागल्यावर गाडी परत करण्याची भाषा कोणी ऐकत नाही.

बंपरचा लाल दारापेक्षा किंचित गडद वाटतो. यावर वॉरंटी मागून उपयोग नाही. बंपर वेगळा रंगतो, कमी तापमानाला भाजतो, आणि मेटॅलिकमधले अॅल्युमिनियमचे कण प्लास्टिकवर वेगळ्या कलाने बसतात. समोरून पाहिलं तर रंग जुळतो, तिरपं पाहिलं की सुटतो. पांढऱ्या किंवा साध्या काळ्या रंगात हे जवळजवळ कळत नाही. लाल, निळा, करडा मेटॅलिक घेणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी.

आता ऑरेंज पील. दारांच्या खालच्या अर्ध्या भागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ न दिसता तुटक, लहरी दिसतं, संत्र्याच्या सालीसारखा बारीक उठाव असतो. उभ्या पत्र्यावर क्लिअर ओघळू नये म्हणून ते जाड मारता येत नाही, त्यामुळे पसरून सपाट व्हायला वाव कमी मिळतो. बॉनेटवर तोच रंग आरशासारखा वाटतो. जगातल्या बहुतेक महागड्या गाड्यांना हे थोडंफार असतंच. पण डिटेलिंगवाल्यांकडे, म्हणजे गाडी घासून-पॉलिश करून चमकवणाऱ्यांकडे, गेलात की पहिला सल्ला हाच मिळतो: दोन हजार नंबरच्या पाणीपेपरने (पाणी लावून वापरायच्या पॉलिशपेपरने) घासू, मग तीन हजार, मग कंपाउंड, एकदम काच करून देतो. काच होते, खोटं नाही. पण उठाव सपाट करायचा तर पाच-दहा मायक्रॉन सहज जातात, आणि अतिनील किरण अडवणारं क्लिअर त्या प्रमाणात पातळ होतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४२-४३ वर असताना, अशी पातळ केलेली छतं आणि बॉनेटच्या कडा काही वर्षांत पांढऱ्या पडून सोलायला लागतात. क्लिअर एकदा फुटलं की पॉलिश काही करत नाही, तो पत्रा पुन्हा रंगवावा लागतो. डावं दार आणि छत यांवर रंगाखाली अडकलेला धुळीचा एकेक कण आहे. तेही तसेच ठेवले आहेत. शोधल्याशिवाय सापडत नाहीत.

कारखान्याबाहेरच्या बिघाडातला मोठा वाटा डिलिव्हरीच्या धुलाईचा. सगळ्या गाडीवर गोल गोल ओरखडे आणि बॉनेटवर पॉलिशिंग मशीनचे पट्टे होते. घाणेरडा स्पंज आणि घाईत फिरवलेलं लोकरी पॅड, दुसरं कारण नाही. बुकिंग करतानाच लेखी द्या: गाडी धुवायची नाही, पॉलिश करायची नाही, बंपर-दारांवरचं संरक्षक प्लास्टिक काढायचं नाही. आणि पुण्याहून गाडी चालवत आणू नका, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून, आणा. अडीचशे किलोमीटरच्या हायवेवर ट्रकच्या टायरमधून उडालेली खडी उघड्या बंपरवर घेणं म्हणजे पहिल्याच दिवशी टच-अपची बाटली विकत घेणं.

सोलापुरात रंगाचा खरा वैरी पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. ते जड. थेंब उन्हात वाळला की मागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पांढरं कडं राहतं, आणि तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअरमध्ये रुततं. टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, एकदा मोजून बघा, पाचशेच्या वर असेल तर शेवटचं पाणी वेगळंच हवं. इथे जमलेली पद्धत अशी: सूर्य वर यायच्या आत किंवा सावलीत, पत्रा हाताला थंड असताना, आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली सोडायची. प्रेशर वॉशर असेल तर नोझल हातभर लांब. मग दोन बादल्या, एकीत न्यूट्रल शॅम्पू, दुसरीत मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायचं पाणी, आणि वरून खाली. शेवटी शेतीच्या हातपंपाने, म्हणजे आठ-दहा लिटरच्या फवाऱ्याने, आरओचं पाणी. पंप नवा कोरा हवा. औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी नको. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, कापडाने दोन मिनिटं ओलं ठेवून पुसायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. त्याने न गेलेलं कडं रुतलेलं समजा. तिथे मात्र बारीक पॉलिशला पर्याय नाही.

पुसण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागेल. घरोघरी टेरी टॉवेल, तेही झकास, पण ते अंगासाठी. त्यांची शिवलेली कडक किनार आणि पिळून कडक झालेली सुती लूप क्लिअरवर रेघा ओढतात. किनार नसलेला, दाट मायक्रोफायबरचा टॉवेल अंथरून ओढायचा, घासायचा नाही. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्याला पगार देऊन घरी बसवा. इथली धूळ बारीक, करकरीत असते. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीची काजळीही तीत मिसळते. कोरड्या फडक्याखाली तिचा पाणीपेपरच होतो.

पक्ष्यांची विष्ठा उन्हाळ्यात काही तासांत खूण करते. तापलेलं क्लिअर मऊ पडून पसरतं, वरची विष्ठा वाळून आक्रसते, आणि संध्याकाळी क्लिअर त्याच आकारात कडक होतं. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी असू द्यात. भिजवून उचलायचं, खरवडायचं नाही.

पीपीएफबद्दल, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मबद्दल, थोडक्यात: बंपर, बॉनेट, पुढची मडगार्डं, आरसे आणि दारांच्या खालच्या पट्ट्या एवढ्यांवर टीपीयू या लवचिक प्लास्टिकची १५०-२०० मायक्रॉनची फिल्म लावली आहे. विजापूर आणि हैदराबाद रोडवरची खडी तिने झेलली. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म घेऊ नका, ती पिवळी पडते. कडा पत्र्याआड वळवल्या आहेत का ते बघा, नाहीतर तिथे काळी रेघ धरते. पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावायची असेल तर महिनाभर थांबावं लागतं. सिरॅमिक कोटिंग मात्र उगाच डोक्यावर घेतलं जातं. धुणं सोपं होतं हे खरं, पण मायक्रॉन-दीड मायक्रॉनचा थर खडी अडवत नाही, आणि जड पाण्याचे गोल थेंब त्यावर उभे राहून जास्त ठळक डाग पाडतात.

आता आतलं काम, आणि इथे नाराजी आहे.

डॅशबोर्डवर लेदर आहे, शिलाई सुरेख. पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर जातो. तिथे लेदर कोरडं पडून आक्रसतं आणि काचेच्या मुळाशी असलेली कड सुटते. या गाडीत मे महिन्यात ती मिलिमीटरभर उचलली. ती स्वतः चिकटवायला जाऊ नका. प्रवाशापुढच्या भागाखाली एअरबॅग आहे आणि तिथलं कव्हर ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं. वॉरंटीत काम होतं, फोटो तारखेसकट काढून ठेवा. चंदेरी सनशेड सावलीत उभी करतानाही लावायची सवय चांगली. काचांवर काळी फिल्म हा उपाय डोक्यात असेल तर नियम लक्षात ठेवा: पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

पुढच्या काचेला आतून धुरकट थर येतो. तापलेल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर बसते. पहिल्या उन्हाळ्यात जास्त, नंतर कमी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी कापडावर घेऊन पुसा, काचेवर थेट फवारू नका. ते बटणांवर पडलं तर पुढचा त्रास ओढवतो.

तो त्रास म्हणजे सॉफ्ट-टच कोटिंग. एसीच्या जाळीच्या कडा आणि खिडकीची बटणं यांवर रबरासारखा मऊ पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम, दमटपणा आणि सॅनिटायझर यांनी तो सुटतो आणि चिकट होतो. फेरारीच्या ३५५ आणि ३६० या मॉडेलांची चिकट बटणं जगभर बदनाम आहेत, म्हणजे किंमत वाढली की हे टळतं असं नाही. या गाडीत अजून चिकटपणा आलेला नाही, पण ड्रायव्हरच्या खिडकीचं बटण घासून चकाकू लागलंय. फक्त ओलसर कापड, लागलं तर थेंबभर सौम्य साबण.

स्टीअरिंगवर अल्कांतारा, म्हणजे मखमली लेदरसारखं दिसणारं कृत्रिम कापड, आहे. सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन, त्यामुळे त्यावर लेदर कंडिशनर लावला तर तेलकट थर बसतो. दर आठवड्याला घट्ट पिळलेलं सुती फडकं आणि वाळल्यावर मऊ ब्रश, बस. मेमध्ये घामेजलेल्या हातांनी धरलेली, घड्याळातल्या दहा आणि दोनची जागा तरीही चपटी पडली आहे. इथल्या हवेत साधं लेदर निवडलेलं बरं.

सीट ठीक आहेत. गाडी बुटकी असल्यामुळे आत सरकताना सीटच्या उजव्या उंच कडेवर सगळा भार येतो आणि तिथेच रंग पहिल्यांदा उडतो. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. फिक्या लेदरवर नव्या जीन्सची निळाई चढते, ती त्याच दिवशी काढा.

खडखड दोन ठिकाणी होती. दरवाजाच्या पॅनलमध्ये एक क्लिप सैल होती, बदलल्यावर आवाज गेला. मधल्या कन्सोलमध्ये प्लास्टिकवर प्लास्टिक घासायचं, थंडीच्या सकाळी जास्त. वायरिंगला गुंडाळतात ती फ्लीस टेप दोन कडांमध्ये लावल्यावर तेही थांबलं. चौकट नसलेल्या काचा रबरावर किरकिरतात, कारण बहुतेक वेळा धूळ. रबर ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पेट्रोलियम जेली किंवा साधं वंगण नको, दाराचं रबर त्याने फुगतं.

आणि गिअरभोवतीची पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळ्या प्लास्टिकची, पट्टी. पहिल्याच आठवड्यात नुसत्या बोटांच्या धुळीने ओरखडली. वॉरंटीत ती बसत नाही, सर्व्हिसवाले ‘वापराची झीज’ म्हणून हात वर करतात. नवी पट्टी मागवलीत तर बसवायच्या आधीच तिच्यावर पीपीएफचा कापलेला तुकडा चढवून घ्या. बॉनेटच्या फिल्ममधून उरलेल्या कातरणीत ती सहज बसते.