कोव्हेनंट, जॉर्ग की ग्लोक्टा? नकोशा नायकांच्या तीन फॅन्टसी कादंबऱ्या

काही कादंबऱ्या अशा असतात की एक वाचक त्या वर्षानुवर्षं उराशी धरून बसतो आणि दुसरा शंभर पानांतच पुस्तक मिटून टाकतो. मधलं मत फारसं ऐकूच येत नाही. फॅन्टसीतल्या अशा तीन कादंबऱ्यांची ही तुलना आहे: स्टीफन डोनाल्डसन यांची 'लॉर्ड फाउल्स बेन' (१९७७), जो ॲबरक्रॉम्बी यांची 'द ब्लेड इटसेल्फ' (२००६) आणि मार्क लॉरेन्स यांची 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स' (२०११). तिन्ही आपापल्या त्रयीतली पहिली पुस्तकं आहेत, आणि तिन्हींत असा माणूस आहे ज्याची बाजू घेताना जीभ अडखळते. यातलं कुठलं हातात घ्यावं असा प्रश्न पडला असेल, तर पुढचं वाचा. सुरुवातीच्या काही घटना सांगाव्या लागतील, शेवट मात्र एकाचाही फोडत नाही.

या पुस्तकांवरचे वाद मी बरेच वाचले आहेत. वरवर पाहता भांडण 'नायक किती वाईट' यावर चाललेलं दिसतं, पण तेवढ्यावर कुणाचं मत ठरत नाही. खून, लुटालूट, छळ हे तिन्हींत आहे. मत ठरतं ते दोन गोष्टींवर. लेखक आपल्याला त्या माणसाच्या किती जवळ बसवतो, आणि त्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांचा हिशेब पुस्तक ठेवतं की विसरून जातं. तुमचा निर्णयही याच दोन प्रश्नांवर करा.

'लॉर्ड फाउल्स बेन'पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात कडवट वाद याच पुस्तकावर आहे. थॉमस कोव्हेनंट हा आपल्याच जगातला एक लेखक. त्याला कुष्ठरोग झालाय, उजव्या हाताची दोन बोटं गेलीत, बायको मुलाला घेऊन निघून गेलीय आणि गावाने त्याला वाळीत टाकलंय. जखम झाली तरी त्याला कळत नाही, म्हणून तो सतत हातपाय डोळ्यांनी तपासत राहतो. कुठे खरचटलंय का, कशाची कड लागलीय का, एवढंच. ही पानं विलक्षण खरी उतरली आहेत. डोनाल्डसन यांचं बालपण भारतात गेलं, त्यांचे वडील इथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे अस्थिशल्यचिकित्सक होते, आणि ती जवळीक वाक्यावाक्यात जाणवते.

असा हा माणूस 'द लँड' नावाच्या प्रदेशात जाऊन पडतो. तिथली मातीसुद्धा औषधी आहे. त्याच्या तुटक्या हातामुळे लोक त्याला दंतकथेतल्या वीराचा अवतार समजतात आणि मेलेल्या बोटांत स्पर्श परत येतो. पण या जगावर विश्वास ठेवायला तो तयार नाही. ठेवला, तर परत गेल्यावर सावधपणा सुटेल आणि जीव जाईल, ही त्याची भीती आहे. या उलथापालथीत, सातव्या प्रकरणात, त्याला आसरा देणाऱ्या लीना नावाच्या कोवळ्या मुलीवर तो बलात्कार करतो.

असंख्य वाचक पुस्तक इथेच सोडतात. त्यांचं चुकतं असं मला मुळीच वाटत नाही. 'पुढे वाचा, सगळं उलगडेल' असा आग्रह धरणाऱ्या चाहत्यांचा मला रागच येतो, कारण असं पान ओलांडायचं की नाही हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. पण जे पुढे जातात त्यांना काय मिळतं हेही सांगायला हवं. लीनाची आई ॲटियारन कोव्हेनंटची वाटाड्या होते. या प्रदेशाच्या शत्रूने, लॉर्ड फाउलने, कोव्हेनंटकरवी पाठवलेला निरोप सत्ताधाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही तर सगळा प्रदेशच धोक्यात येणार, म्हणून. वाटेत तिला लेकीवर काय गुदरलंय ते कळतं. तिच्या लोकांनी शांततेची शपथ घेतलेली आहे, त्यामुळे ती त्याच्यावर हात उचलू शकत नाही, आणि निरोपामुळे त्याला सोडूनही देऊ शकत नाही. मैलोन् मैल ती त्याच्या सोबत चालते. फॅन्टसीत यापेक्षा अवघड चाल मी वाचलेली नाही. पुढच्या भागात त्या प्रदेशात चाळीस वर्षं उलटून गेलेली असतात आणि त्या एका कृत्याची मुळं पुढच्या पिढीपर्यंत पसरलेली असतात. हिशेब ठेवण्याच्या बाबतीत तिघांत हेच पुस्तक सर्वांत कठोर आहे. 'हे सगळं स्वप्नच आहे' ही कोव्हेनंटची पळवाट लेखक कधी पूर्ण बंद करत नाही, पण त्याला तिच्यातून निसटूही देत नाही.

उणिवा मोठ्या आहेत. लीनाचं दुःख आपल्याला जास्त करून दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, तिचं स्वतःचं मन फारसं उघडत नाही, आणि स्त्री वाचकांनी यावर घेतलेला आक्षेप खोडून काढण्यासारखं उत्तर मला सापडलेलं नाही. इंग्रजी जड आहे, शब्दकोश जवळ लागेल. आणि कोव्हेनंटचं रडगाणं लांबतं, फार लांबतं. सत्तेचाळीस प्रकाशकांनी हे हस्तलिखित नाकारलं होतं, याचं नवल वाटत नाही. छापून आल्यावर मात्र ते तुफान खपलं.

'प्रिन्स ऑफ थॉर्न्स'चा अनुभव अगदी उलटा. इथे नायक स्वतः बोलतो, आणि काय गोड बोलतो! जॉर्ग अँक्रॅथ हा राजपुत्र चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे आणि दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे. पुस्तक उघडतं तेच एका नुकत्याच जाळलेल्या, कापून काढलेल्या गावात. कावळे जमू लागलेत, मरणारा एक शेतकरी समोर आहे, आणि हा पोरगा मजेत गप्पा मारतोय. लॉरेन्स यांनी अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मधल्या ॲलेक्स या पोरवयीन गुंड निवेदकावरून जॉर्ग सुचल्याचं सांगितलं आहे. ते पुस्तक वाचलेल्यांना हा सूर लगेच ओळखू येईल.

त्याच्या क्रौर्यामागे कारण आहे. लहानपणी तो काटेरी झुडपात अडकून पडलेला असताना त्याच्या डोळ्यांदेखत आई आणि धाकटा भाऊ मारले गेले. त्याहून खोल घाव पुढचा आहे: बापाने सूड घ्यायचं सोडून मारेकऱ्याशी तडजोड केली आणि भरपाई घेऊन विषय मिटवला. एवढं कळल्यावर वाचक दोन गटांत फुटतात. एक म्हणतो, आता पोरगा समजला. दुसरा म्हणतो, समजला, पण त्या जळालेल्या गावाचं काय? माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं. त्या गावातल्या माणसांची नावंसुद्धा आपल्याला धड कळत नाहीत. जॉर्गला त्यांची पर्वा नाही, आणि निवेदन त्याच्याच तोंडी असल्यामुळे पुस्तकालाही ती करता येत नाही. ही त्या तंत्राची मर्यादा आहे की लेखकाने मुद्दाम लावलेला सापळा, यावर भांडण चालू राहील. पुढे तर जॉर्गच्या डोक्यात दुसऱ्याच कुणाची ढवळाढवळ चालली होती की काय, अशी शंका येते आणि गुन्ह्याची मालकीच वादात सापडते. ती शंका मला खटकली. दुष्टपणा त्याचा स्वतःचाच असता तर पुस्तक अधिक धीट झालं असतं.

तरीही ते खाली ठेववत नाही. तिघांत हेच सर्वांत आटोपशीर आहे, प्रकरणं छोटी आहेत, वेग जबरदस्त आहे. मध्ययुगीन भासणारं हे जग प्रत्यक्षात कुठलं आणि कधीचं, हे जसं जसं लक्षात येतं तशी वेगळीच मजा येते. स्त्री पात्रं मात्र पहिल्या भागात नगण्य आहेत. दुसऱ्या भागात कॅथरीन या जॉर्गच्या सावत्र आईच्या बहिणीच्या रोजनिशीची पानं येतात आणि जॉर्गकडे बाहेरून पाहणारी नजर पहिल्यांदा मिळते. मला विचाराल तर ती फार आधी हवी होती.

आता 'द ब्लेड इटसेल्फ'. यात एक नायक नाही, निवेदनाची नजर माणसांमाणसांतून फिरते. एक रानवट लढवय्या, एक गर्विष्ठ तरुण अधिकारी, आणि सँड डॅन ग्लोक्टा. ग्लोक्टा एके काळचा तलवारबाजीतला विजेता. शत्रूच्या कैदेत छळ सोसून तो पांगळा झाला, दात गेले, आणि आता तो स्वतः सरकारी छळाधिकारी आहे. त्याची पहिली चौकशी पाहा. समोर बांधलेला व्यापारी त्याच्या जुन्या ओळखीचा. ग्लोक्टा तोंडाने थंडपणे प्रश्न विचारतो आणि मनात काही वेगळंच चाललेलं असतं, जे तिरप्या अक्षरांत छापलेलं आहे: पायाची कळ, जिन्यांचा तिटकारा, स्वतःबद्दलचा कडवटपणा. तोंडचं वाक्य आणि मनातलं वाक्य यांच्या मधल्या फटीत तो माणूस जिवंत होतो. तो जे करतो ते घृणास्पद आहे, आणि तरी पुढच्या प्रकरणात त्याचीच वाट पाहत आपण पानं उलटतो.

पण या पुस्तकाचं खरं नैतिक टोक माझ्या लेखी ग्लोक्टा नाही. कॉलम वेस्ट हा अधिकारी त्यातला सर्वांत सरळ, कष्टाने वर आलेला माणूस. हा तरी चांगला निघाला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि एका प्रसंगात तो रागाच्या भरात बहिणीवर, आर्डीवर, हात उगारतो आणि मारतो. तिथे ना जादू आहे ना युद्ध. चार भिंतींतली गोष्ट आहे, म्हणूनच जास्त झोंबते. आर्डीला स्वतःचं तोंड आहे, तिखट आहे, ती नुसती सोसणारी बाई राहत नाही.

तक्रार एकच आणि ती रास्त आहे: पहिल्या पुस्तकात फारसं काही घडत नाही. पाचशे पानं बहुतेक माणसं गोळा करण्यात जातात आणि गोष्ट ऐन रंगात येताना पुस्तक संपतं. एका भागात तृप्ती हवी असेल तर निराशा होईल. तिन्ही भाग वाचायची तयारी असेल तर हीच संथ उभारणी शेवटी कामी येते, आणि तो शेवट काहींना थोर वाटतो, काहींना फसवणूक.

मग निवड? फॅन्टसीत करड्या छटांची सवयच नसेल तर ग्लोक्टापासून सुरू करा. विनोद आहे, माणसं अनेक आहेत, एकाचा वीट आला तर दुसरा येतो. वेग हवा असेल आणि निवेदकाच्या मोहिनीत सापडून मग स्वतःचीच लाज वाटण्याचा अनुभव सोसवत असेल तर जॉर्ग घ्या. मात्र वयाने लहान वाचकाला, नायक चौदाचा आहे म्हणून, हे पुस्तक अजिबात भेट देऊ नका. कोव्हेनंटची शिफारस मी कुणालाच सरसकट करत नाही. लैंगिक अत्याचाराचं वर्णन सोसवत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, यात वाचक म्हणून काहीही कमीपणा नाही. पण अपराध केल्यानंतरची वर्षं कशी जातात, माफी मागून भागत नाही तेव्हा माणूस काय करतो, हा तुमचा विषय असेल, तर बाकीची दोन्ही पुस्तकं त्याच्यापुढे थिटी आहेत.

चाचणी घ्यायची असेल तर सोपं आहे. 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स'ची पहिली दोन प्रकरणं पुरतात, सूर पुढे बदलत नाही. 'द ब्लेड इटसेल्फ'ला ग्लोक्टाच्या दोन-तीन चौकश्यांपर्यंत वेळ द्या, आणि ऐकायची सवय असेल तर स्टीव्हन पेसी यांच्या आवाजातलं ऑडिओबुक छापील प्रतीपेक्षाही सरस आहे. 'लॉर्ड फाउल्स बेन'मध्ये सातव्या प्रकरणाशी थांबून मत बनवू नका असं मी म्हणणार नाही, पण ते ओलांडलंतच तर ॲटियारनचा प्रवास संपेपर्यंत तरी वाचा आणि मग ठरवा.