पाच तिकिटं, चार बंद राइड आणि एक कुलूप

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण थीम पार्कला जाऊन आलो. मी, बायको, आमची ९ वर्षांची मुलगी, बहिणीची १३ वर्षांची मुलगी आणि आई. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्याशी माझा मेलवर पत्रव्यवहार सुरू आहे आणि एका गोष्टीचं उत्तर अजून यायचंय. मी पुण्यात २२ वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो. त्यामुळे कुठल्याही पाळण्यात पोरींना बसवण्याआधी माझी नजर बोल्टांवर, साखळ्यांवर आणि दारांवर जाते. बायको म्हणाली, "आज सुट्टी आहे ना तुम्हाला?" सुट्टी होतीच, पण पोरी आमच्या होत्या.

आधी गेटचं सांगतो, कारण तिथेच दीड तास गेला. तिकिटं ऑनलाइन काढली होती, पाच जणांचे मिळून सहा हजारांच्या वर गेले. ऑनलाइन काढलं की सरळ आत, असं वेबसाइटवर लिहिलेलं. प्रत्यक्षात मोबाईलवरचा कोड वाचणारी मशीन दोन, त्यातली एक बंद. साडेनऊला पोहोचलो, तेव्हा लाइन पार्किंगपर्यंत आली होती. डोक्यावर छप्पर नाही, पंखा नाही, प्यायच्या पाण्याची टाकी गेटच्या आत. लाइनीत तान्ही बाळं घेतलेल्या बायका होत्या. एका आजोबांना चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा पुढच्या माणसाने आपली टोपी काढून त्यांना वारा घातला. एवढा मोठा पार्क, एका हिरव्या शेडनेटचा खर्च काय असतो? बांधकामाच्या साइटवर मजुरांसाठीसुद्धा बांधतात हो.

मग बॅगा तपासणं. आईला डायबेटिस आहे. तिच्या पिशवीत इन्शुलिनचं पेन, ते गार राहावं म्हणून बर्फाची पिशवी, आणि डब्यात थालीपिठं. गार्डने पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "सुई आत चालत नाही." डबाही बाजूला काढला, बाहेरचं खाणं बंद म्हणून. मी डॉक्टरांची चिठ्ठी मोबाईलवर दाखवली, तर म्हणाला सुपरवायझरला विचारावं लागेल. सुपरवायझर २० मिनिटांनी आले. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला वेळेवर खायला मिळालं नाही तर साखर झपकन उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. हे त्यांना उन्हात उभं राहून समजावून सांगावं लागलं. आई त्यांना म्हणाली, "अहो, साखर उतरल्यावर मी तुमच्या काउंटरवर कुपनं काढत बसू का?" शेवटी तपासणीवरच्या बाईच मधे पडल्या. "साहेब, आजींना दोन थालीपिठं राहू द्या," म्हणाल्या आणि स्वतः रुमालात बांधून आईच्या पर्समध्ये ठेवली. त्या माउलीचे आभार इथे लिहून ठेवतो. बाकीचा डबा टोकन घेऊन लॉकरमध्ये, त्याचे १०० रुपये वेगळे. पेन आत न्यायला मिळालं.

त्याच जागी मेटल डिटेक्टरचं दार आहे. त्यातून जाताना प्रत्येक माणसाला बीप वाजत होतं. किल्ल्या, पट्टा, मोबाईल, काहीही असलं तरी बीप. बाजूला हातातला डिटेक्टर घेऊन एक पोरगा उभा होता, त्याने आमच्यासमोर एकालाही थांबवलं नाही. तपासणीचा सगळा जोर खाण्याच्या पिशव्यांवर होता. सुरक्षा म्हणून आम्ही दीड तास उन्हात उभे राहायला तयार आहोत, पण मग ती सुरक्षाच असू द्या.

आत गेल्यावर कळलं की मोठ्या राइडपैकी चार बंद आहेत. एकेका राइडच्या तोंडाशी चालत जायचं आणि दोरी बांधलेली बघून परत फिरायचं, असं आम्हाला चार वेळा कळलं. राइड बंद असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे ठासून सांगतो. यंत्र आहे, ते उघडावं लागतं, तपासावं लागतं. बंद राइड बघून उलट मला बरं वाटतं की कोणीतरी तिच्यात हात घातलाय. पण आमच्या कामात हत्यारांची पेटी उघडण्याआधी पहिलं काम काय असतं, तर प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' हा बोर्ड लावणं. १२ मजले असतील तर १२ बोर्ड. तिकीट विकतानाच "आज या चार राइड बंद आहेत" हे वेबसाइटवर आणि खिडकीवर लिहिलं असतं, तर कोणी पुढच्या शनिवारी आलं असतं, कोणी तरीही आत गेलं असतं. पैसे पूर्ण घेऊन हे लपवणं मला पटलेलं नाही.

आता चांगलं सांगतो, आणि ते मनापासून सांगतो. मोठा रोलर कोस्टर चालू होता. भाचीला बसायचं होतं आणि भीतीही वाटत होती. गाडी चढाला लागली की टक-टक-टक असा आवाज येतो, त्याला ती घाबरली. "मामा, साखळी तुटतेय का?" मी तिला सांगितलं, तो आवाज येतोय तोवर काळजी करू नकोस. गाडीच्या पोटाखाली लोखंडी खटका असतो, त्याला कुत्रा म्हणतात, तो रुळामधल्या दात्यांवरून एकेक घर पुढे पडत जातो. साखळी तुटली तरी तो दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. लिफ्टमध्ये दोर तुटला तर रेलला घट्ट धरणारा सेफ्टी गिअर असतो, त्याचाच हा भाऊ. चाकंही नुसती रुळाच्या वर नसतात. एक जोडी वर, एक बाजूला, एक खालून. त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाऊ शकत नाही. हे ऐकून ती माझ्याबरोबर बसायला तयार झाली.

स्टेशनवर एक मुलगी ऑपरेटर होती, बावीस-तेवीस वर्षांची असेल. प्रत्येक सीटपाशी थांबून ती खांद्यावरचा बार आधी खाली दाबायची, मग दोन्ही हातांनी वर ओढून बघायची. नुसती नजर टाकून पुढे गेली नाही. भाचीच्या बाराला बेल्टही होता, तो तिने ओढून पाहिला. आणि तिच्या पॅनेलवर आमच्या रांगेचा दिवा हिरवा होईना. तिने बार उघडला, परत लावला, परत तेच. तिसऱ्यांदा प्रयत्न न करता तिने सगळ्यांना खाली उतरवलं आणि वॉकी-टॉकीवर टेक्निशियनला बोलावलं.

मागे लाइनीत दीडशे माणसं. ओरडा सुरू झाला. "अहो ताई, बसतोय ना बार, सोडा की गाडी!" एक जण तर रेलिंगवर चढून बोलत होता. ती मुलगी एवढंच म्हणाली, "दिवा लागल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही." टेक्निशियन आला, सीटमागचं कव्हर उघडलं. बार लॉक झाला की नाही हे सांगणारा सेन्सर ब्रॅकेटमधून किंचित सरकला होता. लॉक नीट बसत होतं, पण ते बसलंय हे यंत्राला कळत नव्हतं. लिफ्टच्या दाराचा कॉन्टॅक्ट असाच असतो. दार लागलेलं दिसलं तरी कॉन्टॅक्ट जुळल्याशिवाय लिफ्टने हलायचं नाही, आणि तो कॉन्टॅक्ट तार टाकून बायपास करणाऱ्याला आम्ही साइटवर उभं करत नाही. टेक्निशियनने सेन्सर जागेवर बसवला, बार दहा वेळा उघडून लावून बघितला, रिकामी गाडी दोन फेऱ्या सोडली आणि खांबाला टांगलेल्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही केली. २५ मिनिटं लागली. मी त्या दोघांसाठी टाळ्या वाजवल्या, मग लाइनीतल्या आणखी काही जणांनी वाजवल्या. पार्कच्या मालकांनी हे वाचलं तर त्या मुलीला बढती द्या.

उंचीच्या पट्टीबाबत मात्र एकवाक्यता नाही. एका राइडवर मुलीला बुटांसकट मोजून आत घेतलं, शेजारच्या राइडवर बूट काढायला लावून परत पाठवलं. ती रडली, पण दुसऱ्या माणसाचं बरोबर होतं. बार मांडीवर आणि छातीवर नेमका बसावा म्हणून उंचीची अट असते. अंगाने लहान मूल खालून घसरू शकतं. आईबाबांनो, दोन सेंटिमीटरसाठी तिथे भांडू नका.

जेवण महाग आणि बेचव, मिसळ १८० रुपये. संडास दिवसभर स्वच्छ होते, पाणीही होतं.

दुपारी झोके घेणाऱ्या मोठ्या होडीपाशी थांबलो होतो. तिचे खांब ज्या प्लेटांवर उभे आहेत, तिथल्या नटांवर पिवळी रेघ मारलेली असते. नट ठरलेल्या जोराने आवळला की नटावरून प्लेटवर एक सरळ रेघ ओढतात. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसतं. एका पायाच्या आठपैकी तीन नटांची रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, प्लेटवरचा बोटभर बाजूला. मी फोटो काढला आणि ऑपरेटरला दाखवला. तो म्हणाला, "सर, सकाळी चेक होतं." सकाळी चेक झालं असेल तर ही रेघ कोणाला दिसली कशी नाही? पोरींना मी त्या होडीत बसू दिलं नाही. मदत कक्षात तक्रारवही मागितली, ती नाही. मेल करा म्हणाले. केला.

आणि आता कुलूप. अंधारातून छोट्या गाड्या जातात अशी एक बंदिस्त राइड आहे. तिची लाइनही इमारतीच्या आतच, रेलिंगमधून नागमोडी जाणारी. आमच्या वेळी शंभरेक माणसं असतील, निम्मी लहान मुलं. बाजूच्या भिंतीत पोलादी दार, वर 'आपत्कालीन मार्ग' असा हिरवा उजळलेला बोर्ड, दाराला आडवी दांडी, नुसत्या धक्क्याने उघडणारी. आणि त्या दांडीला गुंडाळलेली साखळी, साखळीला कुलूप. मी हात लावून बघितला. कुलूप लागलेलंच होतं. तिथल्या मुलाला विचारलं किल्ली कोणाकडे, तर म्हणाला ऑफिसात. का लावलंय, तर लोक तिकडून लाइन मोडून घुसतात.

मी त्याच क्षणी आईला, बायकोला आणि पोरींना घेऊन बाहेर आलो. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागली, २७ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या जागेकडे अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्रही नव्हतं. त्याआधी १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ चालू राइड तुटून खाली आली आणि दोघांचा जीव गेला. सुट्टीच्या दिवशी, मुलाबाळांना घेऊन, तिकीट काढून गेलेली माणसं होती ती. धुराने भरलेल्या खोलीत ऑफिसातून किल्ली आणायला कोण जाणार आणि कोण परत येणार? लाइन मोडणाऱ्यांसाठी उपाय आहे. दाराला भोंगा बसवा. दांडी ढकलली की भोंगा वाजेल, गार्ड धावेल. दार मात्र आतून कायम उघडलंच पाहिजे. ड्यूटीवरच्या मॅनेजरना मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. संध्याकाळी निघताना मी परत जाऊन बघितलं, साखळी तशीच होती.

लिफ्टला आपल्याकडे १९३९ पासून स्वतंत्र कायदा आहे, २०१७ मध्ये नवा आला. लायसन्स लागतं, सरकारी निरीक्षक येऊन बघतो. चार माणसांच्या लिफ्टची ही शिस्त असेल, तर २४ माणसांना उलटं टांगणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी शेवटची तपासणी कधी झाली आणि कोणी केली, एवढं लिहिलेलं मला ग्राहक म्हणून वाचायला मिळालं पाहिजे. त्या पार्कात एकाही राइडपाशी ते नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मेंटेनन्स इंजिनिअरचा फोन आला. नीट, सविस्तर बोलले. आठवडाभरापूर्वीच्या तपासणीत ते तीन नट पुन्हा आवळले होते, पण जुनी रेघ पुसून नवी मारायची राहिली, असं म्हणाले. माझ्या फोटोतही नट आवळण्याच्या दिशेनेच फिरलेला दिसतो, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी त्यांना सांगितलं, रेघ चुकीच्या जागी असेल तर उद्या नट खरंच सैल झाला तर तो ओळखणार कसा? त्यांनी ते मान्य केलं. दोन दिवसांनी आठही नटांचा फोटो पाठवला, जुना पिवळा रंग खरवडून काढलेला आणि वर सरळ पांढरी रेघ. अशा माणसाच्या हातात राइड असतील, तर मी पोरींना परत नेईन.

बंद राइडची यादी तिकिटाच्या पानावर टाकण्याबद्दल "विचार करू" एवढं उत्तर आलं. इन्शुलिन आणि आजारी माणसाचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, हे आता त्यांच्या वेबसाइटवर एका ओळीत आलंय. तरी जाताना डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर घेऊन जा, मोबाईलवर ती वाचायला कोणी तयार नसतं.

कुलपाबद्दल तीन मेल केले. एकाचंही उत्तर नाही. चौथा आज सकाळी पाठवलाय, या वेळी फोटोसकट आणि अग्निशमन विभागाला प्रत जोडून. साखळी निघाल्याचं कळलं की याच पानावर लिहीन. तोवर कुठल्याही पार्कात गेलात, तर बंदिस्त राइडच्या लाइनीत शिरण्याआधी आपत्कालीन मार्गाचं दार बघून घ्या.