जुनी पॉण्टून होडी घेताना : चकचकीत अठरा फुटी की साधी सोळा फुटी?

मध्य प्रदेशातील इंदिरासागर धरणाच्या पाण्यावर सहकुटुंब फिरण्यासाठी वापरलेली पॉण्टून होडी पाहायला निघालो, तेव्हा दोन होड्या समोर आल्या. पहिली अठरा फुटी, नवा रंग दिलेली, खाली नवे कार्पेट आणि वर गाद्यांची प्रशस्त आसने. दुसरी सोळा फुटी, फाटक्या छताची, पाहताक्षणी मनात न भरणारी. इंदूरच्या आमच्या घरातील मंडळींनी पहिलीवरच बोट ठेवले. माझा कौल मात्र दुसरीला आहे.

पॉण्टून होडी दोन बंद अ‍ॅल्युमिनियम नळकांड्यांवर तरंगते आणि त्यांवर सपाट डेक बसवलेला असतो. काठाला लावली की आजीला हात धरून सरळ आत नेता येते, लहान मुले उठली-बसली तरी साध्या होडीसारखी ती डुलत नाही, आणि कुटुंबासाठी हीच तिची खरी किंमत आहे. तेव्हा जुनी होडी घेताना आधी नळकांडी पाहावीत, मग डेक, मग इंजिन. आसने सर्वांत शेवटी.

अठरा फुटी होडी आम्ही मुद्दाम पाण्यात उतरवून घेतली. आत कोणी नसतानाही तिची डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटे खाली बसलेली होती. बाहेर काढल्यावर त्या नळकांड्यावर बोटाने ठोकले असता वरच्या भागात खणखणीत आणि तळाशी बद्द आवाज आला. मागचा प्लग सैल करताच पाण्याची धार लागली. विक्रेते म्हणाले, "साहेब, पावसाचं पाणी असेल." बंद नळकांड्यात पावसाचे पाणी शिरत असेल, तर तळ्याचेही शिरणारच. कार्पेटची कड उचलली, तेव्हा खालचे प्लायवूड स्क्रूभोवती काळे पडलेले आणि अंगठ्याने दाबले जाईल इतके मऊ झालेले दिसले. डेक बदलायचा म्हणजे आसने, कठडा, सुकाणू असे सारेच उतरवावे लागते, त्यामुळे स्वस्त वाटणारी होडी तिथेच महाग पडते.

सोळा फुटीचे डेक कुरूप असले तरी टणक आहे आणि नळकांडी कोरडी आहेत. प्रश्न उरतो तो वजनाचा. 48 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 4.9 मीटर लांबीच्या नळकांड्याचे आकारमान, निमुळते टोक सोडून दिले तर, सुमारे 890 लिटर भरते. म्हणजे दोन्ही अर्धी बुडेपर्यंत एकूण भार साधारण 890 किलो. होडी, इंजिन, बॅटरी आणि पेट्रोल यांचे 500 किलो वजा केल्यावर माणसांना आणि डब्यांना चारशेच्या आतच उरतात. पाच मोठी माणसे, पोहे आणि पाण्याचा कॅन, एवढेच. सहावे कोणी आल्यास त्यांनी काठावर थांबावे, आणि सर्वांनी एकदम पुढच्या टोकाला फोटोसाठी जमू नये, कारण नाक दाबले गेले की पाणी थेट डेकवर चढते.

तिचे 20 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन आम्ही थंड असतानाच सुरू करायला लावले. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन तपासण्यात अर्थ नसतो. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून लगेच आणि अखंड येऊ लागली. गिअरचे तेल दुधाळ नव्हते, म्हणजे खालच्या सीलमधून पाणी शिरलेले नाही. होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) एका पात्याला खाच आहे, ती घासून नीट होईल.

इंदिरासागरचा जलसाठा 12.22 अब्ज घनमीटर क्षमतेचा आहे. दुपारचा वारा उघड्या पाण्यावर लाटा उठवतो आणि छत शिडासारखे वारा धरते, म्हणून एवढी लहान होडी धरणाकाठच्या हनुवंतिया या पर्यटनस्थळाजवळच्या आडोशाच्या भागातच, तीही सकाळी, चालवावी. हरसूद आणि आसपासची गावे 2004 पासून या धरणाच्या पोटात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे खुंट पंख्याला भिडू शकतात, तेव्हा वेग कमी ठेवून कोणीतरी पुढे लक्ष ठेवून बसलेले असावे.

यांत्रिक होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार नोंदणी लागते, म्हणून जुन्या मालकाची कागदपत्रे हाती आल्याखेरीज विसार देऊ नये. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे हवे. मुलांना मोठ्यांचे चालत नाही. सोळा फुटीच्या किमतीतून नव्या छताचा आणि पात्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून मागण्यास आम्ही सांगितले आहे, आणि विक्रेते त्या खर्चाच्या निम्म्यावर आले आहेत.