गावचं घर विकायचंय: एकच गोष्ट, तीन वाटा

गावचं घर विकायला काढलंय. थोरला पुण्यात, धाकटा ठाण्याला, आई जाऊन वर्ष होत आलेलं. सगळे गणपतीला जमतात, माळ्यावरचं सामान खाली येतं, ट्रंकेत जुनी पत्रं सापडतात आणि शेवटी कुणाचे तरी डोळे भरून येतात. ही कथा दिवाळी अंकांत इतकी येऊन गेलीय की पहिल्या परिच्छेदात माळा आला की वाचक पान उलटतो. तरीही ती लिहावीशी वाटते, कारण अशी घरं खरोखरच विकली जाताहेत आणि भावंडं खरोखरच एकमेकांशी बोलेनाशी होताहेत.

मग तिच्यात नवेपणा आणायचा कुठून? सांगणारा बदलून, जागा आणि व्यवसाय बदलून, की सांगण्याचा क्रम मोडून? या तिन्ही वाटा मी याच कथेला लावून बघतो. माझी कसोटी एकच: केलेल्या बदलामुळे एखाद्या पात्राला असा निर्णय घ्यावा लागतोय का, जो आधीच्या कथेत त्याच्यापुढे आलाच नसता? येत असेल तर कथा नवी. नसेल तर नुसती रंगसफेदी.

सांगणारा बदलणं सगळ्यांना आधी सुचतं, आणि त्यात गैर काही नाही. महाभारतातली ययातीची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकासाठी खांडेकरांनी 'ययाति' (1959) लिहिली, तेव्हा पुढे काय होणार हे कुतूहल शिल्लकच नव्हतं. त्यांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाच आपापली बाजू मांडायला लावलं. त्यामुळे घडलेल्या गोष्टीपेक्षा ती प्रत्येक जण स्वतःला कशी समजावतो, याकडे लक्ष गेलं. 'मृत्युंजय'मध्ये (1967) शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण यांनाही बोलतं केलं आणि शेवटचा भाग कृष्णाकडे दिला. यात एक साधी तांत्रिक सोय आहे. प्रथमपुरुषी निवेदक मरणार असेल, तर पुढचं सांगायला कुणीतरी उरायला हवं.

आता आपलं घर. थोरल्याने सांगितलं तर हळहळ, धाकट्याने सांगितलं तर कुरकुर. दोन्ही वाचून झालंय. बहिणीला बोलू द्या. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी भाऊ राखीला येतात, जाताना हक्कसोडपत्राचा विषय काढतात आणि 'तुझं माहेर कुठं जातंय' म्हणतात. म्हणजे जी आजवरच्या कथांत चहा देऊन आत जायची, तिच्याच सहीवर सगळा व्यवहार अडलाय. सही केली तर हक्क गेला, नाही केली तर माहेर गेलं. हा पेच भावांच्या कथेत नव्हता. कसोटीला निवेदकबदल उतरला, पण तो उतरवला बहिणीने. निवेदकाचं काहीतरी पणाला लागलेलं हवं. शेजारचे काका, गडी किंवा सात वर्षांचा नातू सांगू लागला की आवाज गोड होतो, पेच मात्र येत नाही.

आणि कृपा करून घरालाच बोलायला लावू नका. 'मी एक पडका वाडा बोलतोय' हे सगळ्यांनी शाळेत दहा मार्कांसाठी लिहिलेलं आहे.

या वाटेची किंमतही आहे. बहीण जिथे हजर नव्हती तिथलं काही तुम्हाला सांगता येणार नाही. भावांची रात्रीची बोलणी तिला भिंतीआडून ऐकायला लावलीत की तुम्ही हरलात. शिवाय तिची बोली शेवटपर्यंत टिकवावी लागते. तीन हजार शब्दांत ते जमतं, तीनशे पानांत एकाच आवाजाने वाचक कंटाळू शकतो. वरच्या दोन्ही कादंबऱ्यांत निवेदक एकाहून अधिक आहेत, ते बहुधा त्यामुळेही.

दुसरी वाट जागा आणि व्यवसाय बदलण्याची. मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते, आणि तिचाच सगळ्यांत जास्त गैरवापर होतो. कोकणातलं घर विदर्भात नेलं, आंब्याच्या जागी संत्रं लावलं, बाकी संवाद तेच. याने काही होत नाही. खरा बदल कसा दिसतो ते 'नटसम्राट'मध्ये (1970) बघा. शेक्सपिअरच्या लिअर राजाने राज्य मुलींत वाटलं आणि तो रस्त्यावर आला. शिरवाडकरांनी राजाच्या जागी निवृत्त नट आणला. राजाने वाऱ्यावादळात मोठमोठी भाषणं करणं चालून जातं. घरातल्या म्हाताऱ्याने केली तर लोक हसतील. पण आयुष्यभर रंगभूमीवर बोललेला माणूस घरातही तसाच बोलणार, त्यामुळे भाषेची अडचणच मिटली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लिअरच्या नाटकात राणी दिसतच नाही, इथे मात्र कावेरी आहे. राजाचं मध्यमवर्गीय घर झाल्यावर बायको आली, आणि मुलांनी अपमान केल्यावर एकट्या माणसाच्या रागाऐवजी नवराबायकोचं मिळून निघून जाणं आलं. मूळ कथेत या निर्णयाला जागाच नव्हती.

आपलं घर रत्नागिरीत आहे असं धरू, आणि ते तिथून उचलून गोव्यातल्या पेडण्याला ठेवू. अंतर फार नाही, माणसं मराठी समजणारीच, देव्हाराही तसाच. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, आणि स्थावर विकायचं तर दोघांचीही संमती लागते. मुलं असताना सगळी मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊन टाकता येत नाही. निम्मी त्यांच्यासाठी राखलेलीच असते. म्हणजे रत्नागिरीत 'बापाने सगळं धाकट्याच्या नावावर केलं' हे कथानक वडिलांच्या स्वकष्टार्जित घराबाबत बसतं, पेडण्यात ते तसं बसणारच नाही. उलट तिथे घरातल्या सुनांच्या आणि जावयाच्या सह्या लागतील. ज्या जावयाला वीस वर्षं 'तुम्ही यात पडू नका' सांगितलं, त्याच्यापुढे आता कागद घेऊन बसावं लागणार. राज्याची एक सीमा ओलांडली आणि खलनायक बदलला!

व्यवसायाचंही तसंच. थोरला बँकेत आहे असं नुसतं लिहून काही बदलत नाही. तो तलाठी असेल तर बदलतं. दुसऱ्यांच्या वाटण्यांचे फेरफार त्याने आयुष्यभर नोंदवले. नोटीस, हरकतीची मुदत, कुणाची सही कशी मिळवली जाते, सगळं त्याला पाठ. आता बहिणीला खरा कायदा सांगायचा की नाही, हे त्याने ठरवायचंय. धाकटा हे टाळू शकतो, कारण त्याला माहीतच नाही.

इथे लागतो तो अभ्यास. जी जागा आणि जो धंदा तुम्ही जवळून पाहिलेला नाही, तिथे कथा नेऊ नका; चार तपशील इंटरनेटवरून आणलेत की ते चारच दिसतात. कादंबरी लिहिणार असाल तर मात्र ही मेहनत वसूल होते. शंभराव्या पानावर काय घडवायचं असा प्रश्न पडला की धंदाच पुढचं सुचवतो.

तिसरी वाट क्रम मोडण्याची. ती दिसते चलाख. जपानी कथाकार अकुतागावाने 1922 मध्ये एका खुनाची कथा निव्वळ जबान्यांतून सांगितली. त्यांत खुद्द मेलेल्या माणसाचीही जबानी आहे, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने 1950 मध्ये त्यावर 'राशोमोन' हा चित्रपट केला आणि तेव्हापासून 'प्रत्येकाचं सत्य वेगळं' ही क्लृप्ती स्वतःच घासून गेली. आपल्या कथेत खरेदीखताची सही पहिल्याच ओळीत करून टाकता येईल आणि मग मागे जाता येईल. 'विकलं जाणार का' हा प्रश्न संपला, 'बहिणीने सही का केली' एवढाच उरला, हे चांगलंच. पण नीट बघा, पेच बहिणीचाच आहे. क्रमाने तो उठून दिसला, निर्माण झाला नाही. म्हणून खर्डा लिहून झालाय, माणसं पक्की आहेत आणि तरी वाचताना सपाट वाटतंय, तेव्हाच ही वाट धरा. दोन संध्याकाळींत परिच्छेद हलवून बघता येतात, बिघडलं तर मूळ प्रत आहेच.

शेवटाला कलाटणी देणं मी चौथी वाट धरत नाही. घर विकत घेणारा माणूस वडिलांच्या दुसऱ्या घरचा मुलगा निघाला, तर वाचक एकदा चमकतो आणि पुन्हा त्या कथेकडे जात नाही.

दोन वाटा एकत्र करायच्या असतील तर निवेदक आणि जागा यांचं जमतं. पेडण्याच्या घरातली रत्नागिरीहून आलेली सून बोलू लागली, तर तिला माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही कायदे भोगून माहीत असतील. माहेरी तिने हक्कसोडपत्रावर सही केलीय, आणि इथे सगळे तिच्याच सहीसाठी थांबलेत. तिसरी वाट त्यात मिसळू नका. वाचकाला एकाच वेळी नवा आवाज, नवा कायदा आणि उलटा काळ सांभाळावा लागला तर तो घराकडे बघणारच नाही. दिवाळी अंकाला दोन-अडीच हजार शब्दांत कथा द्यायची असेल आणि हातात महिनाच असेल, तर गावही बदलू नका, नुसती बहीण घ्या.