बाळाच्या कानाची तपासणी: ओएई पुरेशी की बेराच करायची?

डिस्चार्जच्या फाइलमध्ये ‘ओएई : रेफर’ असा शेरा दिसला, म्हणजे कानाच्या प्राथमिक तपासणीत बाळ पास झालं नाही, पुन्हा तपासा, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘पास’ असेल तर फाइल थेट कपाटात. दोन्हीकडे घाईच होते.

ओएईत (ओटोअकूस्टिक एमिशन) बाळाच्या कानात छोटंसं मऊ टोक बसवून बारीक टिकटिक ऐकवतात आणि कानातूनच परत येणारा आवाज टिपतात. हो, कान स्वतः आवाज करतो. आतल्या कानाच्या शंखासारख्या भागातल्या बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी धडधाकट असल्या की त्या हलतात आणि त्याचा अगदी क्षीण प्रतिध्वनी उमटतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ साली दाखवून दिला. बाळ शांत असेल तर काम काही मिनिटांचं, खर्चही कमी. पण जन्मानंतर कानात चिकटा राहिला किंवा पडद्यामागे पाणी असलं तर हा आवाज बाहेर पोहोचत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या रेफरने रडू नका. मात्र फेरतपासणीची तारीख चुकवू नका.

बेरा (ब्रेनस्टेम इव्होक्ड रिस्पॉन्स ऑडिओमेट्री) तिथून पुढचा रस्ता तपासते: शंखातून निघालेली नस आणि मेंदूच्या देठातली तिची स्टेशनं. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात क्लिक द्यायचे आणि पहिल्या दहा मिलिसेकंदांत उठणाऱ्या विजेच्या लाटा मोजायच्या. पहिली लाट नसेची, तिसरी देठाच्या खालच्या भागातली, पाचवी त्याहून वरची. मोठ्या माणसात पहिलीपासून पाचवीपर्यंत साधारण चार मिलिसेकंद लागतात, नवजात बाळात पाच; नसांवरचं वेष्टण अजून तयार होत असतं ना!

या लाटा एका मायक्रोव्होल्टहूनही लहान. ईसीजीतला ठोका त्यांच्या हजारपट मोठा. एका क्लिकला काहीच दिसत नाही. हजार-दोन हजार क्लिकची सरासरी काढली की मेंदूचा बाकीचा गोंगाट एकमेकांत विरतो आणि लाट वर येते. म्हणूनच बाळ गाढ झोपलेलं हवं. मी आयांना सांगते, सकाळी लवकर उठवा, रिक्षात डुलकी लागू देऊ नका, पाजायचं ते आमच्या तपासणीच्या खोलीत येऊन. तेवढ्याने भागलं नाही तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेचं सिरप. मग दिवा मंद करून ७० डेसिबलला सुरुवात. पाचवी लाट, आमच्या बोलण्यातला ‘फिफ्थ पीक’, ठसठशीत दिसते. आवाज ५०, ४०, ३० असा उतरवत गेलं की ती बुटकी होते, उजवीकडे सरकते, आणि बाकीच्या लाटा गेल्या तरी शेवटपर्यंत टिकते. ती जिथे हरवते, त्याच्या आसपास बाळाच्या ऐकण्याची मर्यादा.

मग निवड कशी करायची? पूर्ण दिवसांचं, सुखरूप बाळ असेल तर आधी ओएई. दोनदा रेफर आलं तर बेरा. बाळ काचेत पाच दिवसांहून जास्त राहिलं असेल किंवा कावीळ चढून रक्त बदलावं लागलं असेल, तर माझं मत ठाम आहे: ओएई ‘पास’ असली तरी बेरा कराच. अशा बाळांत केसपेशी शाबूत आणि नसेचा संदेश विस्कटलेला असं होऊ शकतं. त्याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. ओएई छान, बेराचा आलेख सपाट. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना ‘स्क्रीनिंग बेरा की डायग्नोस्टिक?’ हेही विचारा. स्क्रीनिंगचं यंत्र बहुधा ३५ डेसिबलला तपासून नुसतं पास किंवा रेफर सांगतं. ऐकणं किती कमी आहे ते डायग्नोस्टिकमध्येच कळतं, आणि तिथेही साधा क्लिक मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचा, म्हणजे चढ्या स्वरांचा हिशेब देतो. कानाचं मशीन लावायची वेळ आली तर टोन बर्स्ट किंवा एएसएसआर ही वेगवेगळ्या स्वरांवर ऐकणं मोजणारी तपासणीही लागते. मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा.

तपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचं पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत, मशीन किंवा थेरपी सहाव्याच्या आत, असा हिशेब धरा. आणि रिपोर्टसोबत आलेखाचं पान मागून घ्या. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) गेलात तर आधी तेच मागतील.