जुन्या गाडीचा कोनसेट: छर्रे ठेवायचे की टेपर घालायचं?

मोटरसायकल मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी करा. स्टिअरिंग डॅम्पर असेल तर तो सैल करा. मग हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. बरोबर मधोमध, चाक सरळ असताना, खाचेत बसल्यासारखं ते अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं वरचं-खालचं बेअरिंग, गेला. आता चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची, खालची टोकं धरून मागंपुढं हलवा. खटखट जाणवली तर आधी कोनसेटचा नट सैल आहे का ते बघा, शिवाय चिमट्याचे बुश झिजले तरीही असंच हलतं.

माझ्या येझदीचं हँडल असंच मधे अडकायचं. सरळ रस्त्यावर गाडी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं हळूच ओढायची आणि मी वर्षभर टायरवर संशय घेत होतो. दोनदा नट आवळला, तेव्हा खटका उलट वाढला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी हात लावताच सांगितलं, "नट आवळून भागतंय काय? वाटीच खाल्लीया."

वाटी, म्हणजे छर्रे ज्यात बसतात ती पोलादी कडी, मधोमधच का खाल्ली जाते, हे कळलं की पुढची निवड सोपी होते. चाकाचं बेअरिंग अखंड फिरतं, म्हणून त्यातलं ग्रीस सगळीकडं पसरत राहतं. हँडलचं बेअरिंग जरासंच हलतं आणि बहुतेक वेळ सरळच उभं असतं. छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी थरथरतात, खालचं ग्रीस बाजूला सरतं, पोलाद पोलादावर घासतं आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली खळगा पडतो. खालची वाटी आधी जाते, कारण खड्ड्यांचा मार तिच्यावर आणि चाकानं उडवलेलं पाणीही तिच्याच अंगावर. म्हणून नुसते छर्रे बदलून काही होत नाही. दोन वाट्या, छर्ऱ्यांच्या दुसऱ्या बाजूचे दोन कोन आणि छर्रे, सगळं एकदम बदलायचं.

पहिला पर्याय मूळचाच, म्हणजे सुटे छर्रे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळं जुना, न वापरलेला कंपनीचा सेट मिळाला तर नशीब. नाहीतर बाजारातलं किट. किट घेताना वाटीच्या बाहेरच्या कडेवर बारीक कानस फिरवून बघा. कानस घसरली तर वाटी कडक आहे. कानस धरली, भुसा पडला, तर ती वाटी परत करा, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. जुने छर्रे काढताना खाली कापड पसरा, वरचे आणि खालचे वेगळे मोजा, जाडीही मोजा. दोन सुती छर्रा म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरचा छर्रा नुसत्या डोळ्यांना तसाच दिसतो आणि तिथंच गफलत होते. छर्रे वाटीत भरल्यावर साधारण एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहायला हवी.

पिंजऱ्यातले, म्हणजे एका कडीत अडकवलेले, छर्रे बसवायला सोपे, सांडत नाहीत. पण पिंजऱ्याला जागा लागते, छर्रे कमी बसतात आणि प्रत्येकावरचा भार वाढतो. जड जुन्या गाडीला मी ते घालणार नाही.

खरा सामना टेपर रोलरशी, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या बेअरिंगशी, आहे. छर्रा वाटीला ठिपक्याएवढा टेकतो, रोलर रेघभर टेकतो. मार पसरतो, खळगे सहज पडत नाहीत. इथं टेपर निर्विवाद सरस. मापंही ठरलेली असतात: ३२००५ नंबरचं बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ४७, जाडी १५ मिलिमीटर. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतला व्यास मिळतो.

पण जुन्या गाडीत टेपर सरळ बसेलच असं नाही. उंची बदलली की टीच्या (चिमट्याचे दोन पाय जोडणाऱ्या तुकड्याच्या) दांड्याचे आटे नटाला कमी पडतात किंवा धुळीचं झाकण बसत नाही. त्यासाठी उद्यमनगरात लेथवर रिंग आणि बुश अचूक करून मिळतात, ही आपली मोठी सोय. मात्र फ्रेमच्या हेडमधली, म्हणजे हा दांडा ज्या नळीतून जातो तिच्यातली, बैठक कुणालाही कापू देऊ नका. रिंग उद्या काढता येते, कापलेली फ्रेम परत येत नाही. टेपरची बाहेरची रेस (हेडमध्ये बसणारी कडी) पुढं कशी काढायची तेही आधीच विचारा. मागून ठोकायला कडा उरली नसेल तर रेसच्या आतून वेल्डिंगची रेघ ओढावी लागते, मग थंड होताना रेस आकसते आणि निघते. टेपर जरा जास्त आवळलं गेलं तर महाद्वार रोडच्या गर्दीत, हळू चालवताना, गाडी नागमोडी जाते, कारण हँडल आपणहून सरळ व्हायला मोकळं राहत नाही.

ज्याचं किट कुठंच मिळत नाही अशी जुनी ब्रिटिश गाडी असेल, तर ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या वाट्या करून घ्याव्यात. पण हार्डनिंगमध्ये वाटी थोडी वेडीवाकडी होतेच, म्हणून त्यानंतर ग्राइंडिंग हवंच. नुसत्या टर्निंगवर, म्हणजे लेथवर कातून, भागवणाऱ्याकडं काम देऊ नका.

मी येझदीत सुटे छर्रेच घातले. माझी गाडी रविवारी निघते, हँडलचा मूळचा हलकेपणा मला प्रिय आहे आणि चांगल्या कडक वाट्या मिळाल्या. बुलेटवर रोजची फेरी, मागं माणूस, वर सामान, असं असेल आणि बिनकापता बसत असेल, तर टेपर घ्या. दोन्हींत ग्रीस पाण्याला टिकणारं भरा. गगनबावड्याच्या एका पावसाळी फेरीत साध्या ग्रीसचं दुधट पाणी झालेलं मी पाहिलंय. धुताना प्रेशरचा पाइप हेडवर रोखू देऊ नका. नव्या वाट्या बसत जातात, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर तोच ठोकळा पुन्हा इंजिनखाली घाला आणि नट तपासा.